महापौरांच्या झग्याचं माप

महापौर कोणीही होवो, त्याची छाती किती इंच भरते हे सगळ्या शहरात पहिल्यांदा काकूंना कळायचं. बाकीच्यांना तो माणूस पोस्टरवर दिसायचा, काकूंना टेपवर. आणि टेपवर हसता येत नाही, हात जोडता येत नाहीत, नुसतं उभं राहावं लागतं.

हा मान त्यांच्या दुकानाकडे तीन पिढ्या चालत आला होता. शहराच्या महापौराने शपथ घेताना लाल झगा घालायचा, अशी जुनी पद्धत. झगा एकच. जाड लोकरीचा, गडद लाल, आतून काळं अस्तर, आणि वजन असं की बारीक माणूस घालून उभा राहिला तर जरा वाकायचाच. नवा महापौर आला की नवा झगा शिवायचा नाही, जुनाच उसवायचा आणि नव्या अंगावर बसेल असा पुन्हा शिवायचा. म्हणून तो मशीनवर कधी गेला नव्हता. सगळी शिवण हाताची, आणि आत भरपूर कापड दाबून ठेवलेलं, लठ्ठासाठी सोडायला आणि बारकुड्यासाठी आत घ्यायला.

निकाल आणि शपथ यांच्यामध्ये एकच दिवस मिळायचा. तेवढ्यात माप घ्या, उसवा, शिवा, हे जमणारं नव्हतं. म्हणून जितके उमेदवार तितक्यांची मापं मतदानाच्या आधीच घेऊन ठेवायची, एकेकाची चिठ्ठी एकेका पाकिटात. निकाल लागला की जिंकलेल्याचं पाकीट उघडायचं आणि हरलेल्यांची फाडून टाकायची. हरलेल्या माणसाची कंबर जगाला कळू नये, एवढी माणुसकी त्या दुकानात होती.

आणि एक नियम होता. काकूंच्या सासऱ्यांनी घातलेला. टेप अंगाला लागली की सुटेपर्यंत समोरच्याने बोलायचं नाही. बोलताना माणसाची छाती फुगते आणि माप चुकतं, आणि पुढाऱ्याची तर जरा जास्तच फुगते, असं म्हातारबुवा म्हणायचे. माप घेणाऱ्याने बोलावं की नाही, याबद्दल मात्र ते काहीच सांगून गेले नव्हते. तीस वर्षं काका माप घ्यायचे आणि ते स्वभावानेच अबोल. या खेपेला टेप काकूंच्या हातात आली होती. आळीत काकूंना तोंडावर ‘काकू’ म्हणत आणि पाठीमागे ‘कात्री’. तेव्हा पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

काकांकडून टेप काकूंकडे का आली, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी एका आजारपणात काकांचे पाय गेले. म्हणजे होते जागेवर, पण अंगाचा भार घेईनात. काका चाकाच्या खुर्चीत बसले आणि पहिल्या महिन्याभरात सावरलेही, कारण त्यांचं काम हातांचं होतं आणि हात शाबूत होते. घर टेकाडावरच्या वरच्या आळीत, दुकान खालच्या बाजारात. मध्ये उभा कडा. गाडीरस्ता नाही, दगडी जिना आणि पालिकेची सार्वजनिक लिफ्ट, एवढ्या दोनच वाटा. काका रोज सकाळी खुर्चीतून लिफ्टमध्ये शिरायचे, खाली बाजारात उतरायचे, आपल्या कापायच्या टेबलाशी जाऊन बसायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या कोटाकडे बघून हा कोणी बिघडवला ते सांगायचे.

तेरा महिन्यांपूर्वी लिफ्ट बंद पडली. दारावर पाटी लागली, ‘दुरुस्तीसाठी बंद. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ मध्ये पावसापाण्याने पाटीची अक्षरं पुसली, तर पालिकेचा माणूस येऊन ती नव्याने रंगवून गेला. पाटीची दुरुस्ती झाली, लिफ्टची नाही.

एकदा दवाखान्यात न्यायचं म्हणून आळीतल्या चौघांनी काकांना खुर्चीसकट उचलून जिन्याने खाली नेलं आणि वर आणलं. चौघेही भले, कोणी कुरकुर केली नाही. एक जण मात्र वळणावर म्हणाला, “जरा तिरपं घ्या, भिंतीला लागेल.” घरी आल्यावर काका म्हणाले, “मी काय कपाट आहे?” त्यानंतर त्यांनी कोणाला उचलू दिलं नाही. काकू कापड पिशवीत भरून वर आणायच्या, काका घरी कापायचे, काकू कापलेलं खाली न्यायच्या. धंदा चालला होता. पण काका अलीकडे बाजारातलं काही विचारत नसत. दाढी रोजची होती ती दोन दिवसांनी, मग चार दिवसांनी. त्यांचे काळे बूट दारामागे धूळ खात पडले होते आणि काकूंनी ते पुसायला घेतले की ते म्हणायचे, “राहू दे गं, कोणासाठी?” काकूंना आजारपणाची भीती वाटली नव्हती तेवढी या ‘कोणासाठी’ची वाटायची. चांगला घट्ट शिवलेला माणूस आपल्या डोळ्यांदेखत टाक्याटाक्याने उसवत चाललाय, हे त्यांना दिसत होतं.

म्हणून काकूंना महापौर हवा होता तो एकाच कामासाठी. शहराचं नंदनवन त्यांना नको होतं. लिफ्ट हवी होती.

तिन्ही उमेदवार एकाच दिवशी दुकानात येऊन गेले. पहिले आले ते सध्याचे महापौर. अंगाने प्रशस्त. टेप लागताच त्यांनी पोट आत ओढलं आणि श्वास धरला. त्यांना बोलणं शक्यच नव्हतं, तेव्हा काकूंनी लिफ्टचं सगळं सुनावून घेतलं. महापौरांचा चेहरा लाल होत गेला, तो लाजेने की श्वासाने हे कळायला मार्ग नव्हता. टेप सुटल्यावर ते हुश्श करून म्हणाले, “काकू, काळजी सोडा. फाइल वर गेलीये.”

“फाइल तरी वर गेली,” काकू म्हणाल्या. “नशीबवान आहे.”

दुसरा आला तो बिल्डर. वय चाळिशीच्या आत, केस चकचकीत, बूट त्याहून चकचकीत. त्याने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. काचेची लिफ्ट, वर बाग, खाली दुकानं, आणि चित्रातली सगळी माणसं सडपातळ. माप घेताना त्याला तीन फोन आले आणि तिन्ही त्याने घेतले, त्यामुळे त्याची छाती आधी चाळीस भरली, मग एक्केचाळीस, मग बेचाळीस. काकूंनी विचारलं, “ही होईल तेव्हा होईल, पण जुनी कधी चालू करणार?”

“जुनी?” त्याला खरोखरच नवल वाटलं. “ती तर काढूनच टाकायची ना. चार वर्षांत नवी. फार तर पाच.”

काकूंनी मधलं, एक्केचाळीस लिहिलं आणि पाकीट बंद केलं.

तिसऱ्या होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. खरं सांगायचं तर काकूंचा सगळा जीव या पाकिटात अडकला होता. चार वर्षांपूर्वी बाईंनी त्यांची दाढ काढली होती. काढण्याआधी बाई म्हणाल्या होत्या, “दुखेल हं.” आणि दुखली. दुखणार नाही म्हणून सांगणारे डॉक्टर काकूंनी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते, पण दुखेल म्हणून खरंच दुखवणारी ही पहिलीच. अशी बाई उभी राहतेय म्हटल्यावर काकूंनी दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे स्वतःहून शब्द टाकला होता.

बाई बुटक्या, चणीने बारीक, आणि टेप लागली की एकदम गप्प झाल्या. त्यांना त्यात काही जड गेलं नसावं. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने तोंड उघडून गप्प राहायचं, हा त्यांचा रोजचाच धंदा, फक्त आज बाजू बदलली होती. ती शांतता बघून काकूंचा बांध फुटला. आधीच्या दोघांना त्यांनी झापलं होतं, हिला त्यांनी सांगितलं. कपाटाचं सांगितलं. बुटांचं सांगितलं. कापडाची पिशवी घेऊन दिवसातून दोनदा जिना चढतानाउतरताना आपण पायऱ्या मोजतो, रोज मोजतो, जणू एखाद्या दिवशी एखादी कमी भरेल, पण दर वेळी अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीसच भरतात, हेही सांगितलं. सांगता सांगता टेप खांद्यावरून बाहीवर, बाहीवरून छातीवर फिरत होती, आणि हात सवयीने चिठ्ठीवर आकडे टाकत होता. शेवटी त्यांनी टेप गळ्यात टाकली आणि बाईंच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

बाईंनी वर धरलेले हात खाली घेतले. मग म्हणाल्या, “काकू, मला लिफ्टमधलं काही कळत नाही.”

“बरं,” काकू म्हणाल्या.

“पेशंट खोळंबलेत. येते मी.” आणि पर्स उचलून गेल्याच.

काकूंनी पाकीट चिकटवलं ते जिभेने नव्हे, मुठीने. फाइलवाल्याने थाप मारली, काचवाल्याने चित्र दाखवलं, ते चालायचंच. पण जिथे फसवत नाहीत म्हणून मुद्दाम जावं, नेमकं ते दुकानच बंद निघावं, तसं त्यांना झालं. रडू आलं असतं, पण तेवढ्यात एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला घेऊन आलं.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पिशवी टेबलावर आपटली. “मी मत देणार नाही. एक थापाड्या, एक चित्रकार आणि एक मुकी. यातून काय निवडायचं, कपाळ?”

काका बाहीला अस्तर लावत होते. मान वर न करता म्हणाले, “कापड जे समोर आहे, त्यातूनच कापायचं असतं.”

“अहो, पण तिन्ही विटकी!”

“मग कमी विटकं कोणतं ते बघ. आपण कापलं नाही म्हणून गिऱ्हाईक उघडं राहत नाही, दुसऱ्याकडून वाईट शिवून घेतं.” मग दोरा दातांनी तोडून ते म्हणाले, “आणि माझं मत तर असंही राहणारच आहे. मतदानाची शाळा खाली बाजारात. तुला उतरता येतं.”

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर काकूंकडे उत्तर होतं.

मतदानाच्या दिवशी त्या अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरून शाळेत गेल्या, आणि पडद्यामागे इतका वेळ उभ्या राहिल्या की बाहेरचा कारकून खोकला. शेवटी त्यांनी शिक्का मारला तो डॉक्टरीणबाईंवर. आशेने नाही, रागाने. निदान हिने फाइल वर पाठवली नव्हती.

डॉक्टरीणबाई दोनशे अकरा मतांनी निवडून आल्या. बाजारात लोक एकमेकांना टाळ्या देत होते. काकूंनी पालिकेतून झगा ताब्यात घेतला, बाकीची दोन पाकिटं फाडली, आणि तिसरं झग्याबरोबर वर आणून काकांच्या पुढ्यात ठेवलं. काकांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. “उंची तर अगदी कमी आहे, आणि छाती...” ते जरा थांबले. “बाई अंगाने चांगल्या भरदार आहेत म्हणायच्या.”

“असतील. माझ्यासमोर त्यांचं नाव काढू नका,” काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

एरवी काका उमेदवारांना बाजारात येताजाता बघत आलेले असायचे. चिठ्ठी चुकली तर नजर सांगायची. या खेपेला त्यांनी कोणालाच पाहिलं नव्हतं. चिठ्ठीत होतं ते त्यांनी खरं मानलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून बसून झग्याची उंची आत घेतली, बाह्या आखूड केल्या, आणि छातीला जुन्या महापौरांचाच घेर जवळजवळ तसाच ठेवला. मनातल्या मनात त्यांनी नव्या महापौरांचं एक चित्रही रंगवलं. बुटक्या, ऐसपैस, हसऱ्या. अशी माणसं मनाची मोकळी असतात, लिफ्टचं काम करतीलही, असं त्यांना वाटलं. खूप दिवसांनी त्यांना काम करताना शीळ घालावीशी वाटली.

शपथेच्या दिवशी सकाळी आठ वाजता काकू झगा घेऊन पालिकेच्या इमारतीत गेल्या. शपथ अकराला. हेडक्लार्क दाराशीच येरझाऱ्या घालत होते. वाढलेल्या वयाचे, रिटायर व्हायला चार महिने उरलेले, आणि ते चार महिने काही वेडंवाकडं होऊ नये एवढीच इच्छा असलेले. डॉक्टरीणबाईंनी झगा अंगावर चढवला. बाह्या नेमक्या मनगटावर आल्या. खालचा काठ नेमका घोट्यावर आला. आणि मध्ये बाई नव्हत्याच. तंबू ठोकून आत माणूस विसरावं, तसा तो झगा उभा होता आणि वरून बाईंचं डोकं बाहेर बघत होतं.

“अरे देवा,” हेडक्लार्क म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

काकूंना दरदरून घाम फुटला. तीन पिढ्यांत असं झालं नव्हतं. “काका चुकणार नाहीत,” त्या पुटपुटल्या. “त्यांच्या हातून असं होणार नाही.”

“त्यांना जरा बोलवा ना इथे,” बाई झग्याच्या आतून म्हणाल्या.

“कसे येतील?” काकूंचा आवाज चढला. “तुम्हाला सांगितलं होतं मी. लिफ्ट बंद आहे.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, हेडक्लार्ककडे पाहिलं, झगा काढून काकूंच्या हातात दिला. “मग मी येते. चला.”

हेडक्लार्क म्हणाले, “मॅडम, अकरा वाजता...” पण मॅडम बाजारात पोहोचल्यासुद्धा होत्या, आणि बिचाऱ्यांना मागे धावावं लागलं.

जिना चढताना काकू पुढे, खांद्यावर झगा. मागे बाई, त्यांच्यामागे धापा टाकत हेडक्लार्क. बाईंना चढायची सवय नव्हती. तिसाव्या पायरीवर त्या कठड्याला टेकल्या. मग पुन्हा चढू लागल्या, आणि आता त्या पायऱ्या मोजत होत्या, काकूंना ऐकू येईल एवढ्या आवाजात. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. वरच्या फरशीवर पाय ठेवून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “अठ्ठेचाळीस.”

काकू जागच्या जागी थिजल्या. झगा खांद्यावरून घसरायला लागला. अठ्ठेचाळीस. तो आकडा त्यांनी सांगितला होता, टेप छातीवर असताना. आणि हाताने, तोंडाचं ऐकून, तोच लिहिला होता.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

काकूंच्या आयुष्यात माफी मागायचे प्रसंग फार आले नव्हते, त्यामुळे ती त्यांना नीट मागता येत नव्हती. “चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या छातीच्या जागी मी हा जिना लिहिला.”

बाईंना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांनी मागे वळून एकदा खालपर्यंत जिना बघितला.

घराच्या दारात काका खुर्चीत बसून होते. दाढी चार दिवसांची. आळीतल्या एका पोराने पुढे धावत येऊन वर्दी दिली होती, तेव्हा आपल्या ऐसपैस, हसऱ्या महापौर येताहेत असं समजून त्यांनी चेहरा तसा तयार केला होता, आणि समोर उभी राहिली ही चिमणीएवढी बाई. काकांनी तिच्याकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं, काकूंच्या पडलेल्या तोंडाकडे पाहिलं. काकूंनी एका वाक्यात सगळं सांगून टाकलं. आणि काका हसले. नुसते हसले नाहीत, खुर्चीचे दांडे धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “माणसाचं माप घ्यायला गेली,” ते म्हणाले, “आणि जिन्याचं घेऊन आली!” काकूंनी ते हसू तेरा महिन्यांत ऐकलं नव्हतं. आपली शोभा झाली याचं दुःख त्या तेवढ्यापुरत्या विसरल्या.

हसणं ओसरल्यावर काका कामाला लागले. बाईंना टेप लावली, झगा घालून उभं केलं, टाचण्या तोंडात धरल्या, खडूने खुणा केल्या. “छत्तीस,” ते म्हणाले. “बारा इंच आत घ्यायचेत. दोन्ही बाजू उसवा, अस्तर उसवा. चार तास लागतील.”

“चार तास?” हेडक्लार्क कळवळले. “कच्चे टाके घाला ना. तासभर टिकलं म्हणजे झालं.”

“धावदोऱ्याने घालतो हवं तर. पण बाईंनी हात वर केला की उसवेल.”

“कच्चं काही नको,” बाई म्हणाल्या. “दातात कच्चं भरलं की पेशंट आठ दिवसांनी दुप्पट सुजून परत येतो.” मग त्या काकूंकडे वळल्या. “त्या दिवशी तुम्ही सगळं सांगितलंत आणि मी काही बोलले नाही. बोलू नका असं तुम्हीच सांगितलं होतं. आणि टेप सुटल्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. लिफ्टमधलं मला आजही कळत नाही. फक्त, ज्यांना कळतं त्यांना बोलावून विचारायचा हक्क आज अकरा वाजता मला मिळतोय.”

“तारीख सांगा,” काकू म्हणाल्या. माफी मागून झाली होती, आता त्या पुन्हा आपल्या मूळ पदावर आल्या होत्या.

“नाही सांगणार. सांगितली तर खोटी ठरेल.”

काकू तोंड उघडणार तोच बाईंनी हेडक्लार्कना विचारलं, “साहेब, झग्याशिवाय शपथ घेतली तर ती चालत नाही, असं कुठे लिहिलंय?”

हेडक्लार्कनी डोक्यातल्या सगळ्या नियमपुस्तकांची पानं उलटली. “लिहिलेलं नाही कुठे. पण असं कधी झालेलं नाही, मॅडम.”

“मग आज होऊ द्या.” बाईंनी झगा अंगावरून उतरवला आणि काकांच्या मांडीवर ठेवला. “काका, सावकाश करा. पक्का करा. झाला की इथेच ठेवा. कोणाच्या हाती पाठवू नका, काकूंच्याही नाही. तुम्ही स्वतः लिफ्टने खाली घेऊन याल, त्या दिवशी घालीन. तोवर मी आहे अशीच.”

काका लोकरीवरून हात फिरवत राहिले. पाहुणे जिना उतरून गेल्यावर म्हणाले, “अगं, बारीक सुई दे. आणि दाढीचं सामान कुठे ठेवलंयस?”

त्या दिवशी शहराने पहिल्यांदा महापौराला दवाखान्यातल्या साध्या कपड्यांत शपथ घेताना पाहिलं. झगा कुठे, असं लोकांनी विचारलं. बाई म्हणाल्या, वरच्या आळीत, लिफ्ट बंद आहे. पुढच्या सभेला पुन्हा कोणी विचारलं, पुन्हा तेच उत्तर. वर्तमानपत्रात छापून आलं. मग जुने महापौर उठले आणि झग्याचा हा अपमान शहर सहन करणार नाही, असं टेबलावर मूठ आपटून म्हणाले. बिल्डरच्या बाजूचे त्यांच्याहून मोठ्याने म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, लिफ्टच्या दुरुस्तीचा ठराव मांडा, मी सही करते. जिवंत माणसासाठी तेरा महिने जे हलले नाहीत, ते कापडासाठी तीन आठवड्यांत हलले. वर गेलेली फाइलसुद्धा खाली आली. काकूंना याचा संताप आला, आणि आनंदही झाला, आणि दोन्ही एकदम होत असल्यामुळे त्या आठवडाभर कोणाशी धड बोलल्या नाहीत.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी खिडकीखाली खडखड ऐकू आली. काका दाढी करून खुर्चीत बसले होते. मागे झगा तयार होऊन टांगलेला, आणि मांडीवर काळे बूट, एक पुसून झालेला, एक पुसायचा. काकूंनी खिडकीतून वाकून पाहिलं. लिफ्टचं वरचं दार उघडं होतं. पाटी काढून भिंतीला टेकवली होती. दोन मेकॅनिक दाराआतल्या विहिरीसारख्या खोल पोकळीत डोकावत होते आणि एकाच्या हातात लांबलचक टेप होती, तिचं टोक खाली अंधारात गेलेलं.

तेरा महिन्यांत साठवलेलं सगळं काकूंच्या जिभेवर आलं. इतके दिवस कुठे होतात, झोपला होतात का, माणसं काय कपाटं आहेत का. त्यांनी खिडकीचा कठडा धरला, श्वास घेतला, आणि तोंड उघडलं.

“अगं,” काका मागून म्हणाले, दुसऱ्या बुटाला ब्रश लावत, “बोलू नकोस. माप चाललंय.”